माहीत नाही बाई

आमच्या गावच्या शाळेत एक बाई होत्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. हे माझं एकट्याचं मत नाही, सगळ्या गावाचं होतं; आणि ते पसरवण्यात माझा वाटा मोठा, कारण मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. गाव फुलंब्रीच्या पलीकडं, शाळा जिल्हा परिषदेची, खोल्या दोन, शिक्षक दोन, पोरं तेवीस. बाई रोज शहरातून स्कूटीवर यायच्या, हेल्मेट काढून खिडकीत ठेवायच्या, आणि पोरांनी काहीही विचारलं की हसून सांगायच्या, "माहीत नाही. बघू या." पंधरा दिवसांत त्यांचं खरं नाव मागं पडलं आणि त्या माहीत नाही बाई झाल्या.

पहिला बोभाटा शेळ्यांवरून झाला. कुणीतरी विचारलं, शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी का असते? आता हा काय शाळेत विचारायचा प्रश्न आहे? पण बाईंनी तेवीसच्या तेवीस पोरं उठवली आणि बिरूतात्या धनगरांच्या छपरात नेऊन बसवली. दुपारभर पोरं अंधारात शेळ्यांच्या डोळ्यांवर बॅटरी मारत होती. उजेड पडला की बाहुलीची बारीक फट होते, अंधारात ती पसरते, असं सगळं चित्रं काढून वहीत आलं. दुसऱ्या दिवशी तात्या माझ्या दुकानात हजर. म्हणाले, "अध्यक्ष, शेळीला मागचं कितपत दिसतं, हे बाई मला इचारायली. पगार तिला हाय का मला?"

बाईंच्या खांद्याला एक कापडी पिशवी असायची. तिच्यात बाटल्यांची बुचं, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, शिंप्याकडची रिकामी रिळं, असलं काहीबाही. माझं दुकान मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं. दुकानाबाहेर टाकलेल्या कचऱ्यातूनही त्या वाकून काही ना काही उचलायच्या. एकदा मी टोमणा मारलाच, की बाई, शाळेला साहित्य येत नाही का? त्या म्हणाल्या, "येईल तेव्हा येईल, रफिकभाई. तोवर गाव काय रिकामं आहे का?" मला तो उलट टोमणा वाटला.

माझी आफरीन तेव्हा चौथीत होती. मी स्वतः नववीत गटांगळी खाल्लेला माणूस. मिस्त्री म्हणून नाव कमावलं, पण शिकलेल्या माणसासमोर आपलं उघडं पडू नये म्हणून मी आयुष्यभर आवाज चढवूनच बोललो. आपली पोरगी तरी तशी राहू नये, एवढंच डोक्यात होतं. फुलंब्रीच्या इंग्रजी शाळेची व्हॅन गावात येऊ लागली होती. मी आफरीनला इथून काढलं असतं तर माझ्यामागं सात-आठ जणांनी आपली पोरं काढली असती, एक शिक्षक गेला असता, आणि पुढं शाळेला कुलूप. हे मला पक्कं कळत होतं. तरीही मी केंद्रप्रमुखांच्या नावे अर्ज लिहिला: 'शिक्षिकेस विषयाचे ज्ञान नाही.' खाली अठरा सह्या आणि चार अंगठे. सोमवारी देणार होतो.

शुक्रवारी बाई दुकानात आल्या. म्हणाल्या, "मोटार कशानं फिरते असं मुलं विचारतात. मला माहीत नाही. तुम्ही उद्या येऊन सांगाल का?" माझी छाती अशी फुगली की विचारू नका. शिकवणं कशाला म्हणतात ते दाखवूनच देतो म्हटलं. शनिवारी इस्त्रीचा शर्ट घातला, अत्तर लावलं, खिशात अर्ज होताच, आणि वर्गासमोर उभा राहिलो. हॉर्सपॉवर सांगितली, स्टार्टर सांगितला, कॉइल जळते कशी ते सांगितलं. पोरं गप्प ऐकत होती. मग आफरीननं हात वर केला.

"अब्बा, तार तर जागेवरच बसलेली असती. मग फिरतं कशानं?"

वीस वर्षं मी मोटारी भरल्या. हजारदा वेढे मोजले. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. लाइटचा दाब वगैरे काहीतरी ठोकून द्यावं म्हणून तोंड उघडलं, पण समोर आपलीच लेक, वही उघडून, पेन्सिल टेकवून बसलेली. तिला खोटं लिहून द्यायला जीभ उचलेना. शेवटी म्हणालो, "माहीत नाही."

पोरांनी सवयीनं एका सुरात म्हटलं, "बघू या."

मग काय, वर्गाचं दुकान झालं. तार माझी, सेल बाईंच्या बॅटरीतले, एका जुन्या स्पीकरचं चुंबक, मुलींनी दिलेल्या सेफ्टी पिना. सेलवर तार गुंडाळून तिचं वेटोळं करायचं आणि सेलच्या दोन टोकांना लावलेल्या पिनांच्या नाकांत, चुंबकाच्या वर टांगायचं. वेटोळं सेलवरून सहज सुटावं म्हणून खाली कागद लागतो, हे मला धंद्यामुळं ठाऊक. खिशात हात घातला, हाताला आला तो कागद काढला आणि आफरीनच्या सेलवर गुंडाळून दिला. तारेच्या टोकांचं वार्निश चहूबाजूंनी खरवडायचं, त्यातून करंट जात नाही, हेही मीच बजावून सांगितलं. आफरीन एका बाजूनं खरवडून कंटाळली. मी तिला सगळ्यांदेखत कामचोर म्हणालो.

माझं वेटोळं जरा थरथरलं आणि थांबलं. परत लावलं, परत थांबलं.

"अब्बा, माझं फिरायलंय."

खरंच फिरत होतं, भिरभिर, थांबायचं नाव नाही. कामचोरीचं फिरतंय आणि मिस्त्रीचं ठप्प! मी बाईंकडं बघितलं. त्या गुडघ्यांवर बसून, नाक पिनांना लागेल इतक्या जवळून बघत होत्या. मी नवीन वेटोळं केलं, अर्धंच खरवडलं, तेही फिरलं. पूर्ण खरवडलं की अर्ध्या फेरीनंतर चुंबक त्याला उलटं ओढायचं; अर्धं खरवडलं की नेमका तेवढ्यात करंट तुटायचा आणि वेटोळं पुढं निघून जायचं. तेव्हा मी इतक्या जोरात हसलो की शेजारच्या खोलीतले गुरुजी धावत आले.

आवराआवरीत सेलवरचा कागद बाईंच्या हाती गेला. त्यांनी तो उलगडला. तो माझाच अर्ज होता. वरपासून खालपर्यंत, सह्यांसकट, त्यांनी तो वाचला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "रफिकभाई, कागद चांगला जाड होता."

तो अर्ज अजून माझ्या गल्ल्यात आहे, गोल सुरकुत्या पडलेला. आफरीन व्हॅनमध्ये चढली नाही, बाकीचीही नाहीत. बिरूतात्या तर दर शनिवारी न बोलावता शाळेत येऊन बसायला लागले.

तीन वर्षांनी बाईंची बदली झाली. निरोपाच्या दिवशी मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला खरंच माहीत नसायचं का? त्या म्हणाल्या, "शेळीच्या वेळी खरंच नव्हतं. इतकी लाज वाटली होती. पण 'माहीत नाही' म्हटल्यावर मुलांचे चेहरे असे खुलले, की मग मी लाजायचं सोडून दिलं." माणसाला इतकं सोपं जगता येतं, हे मला चाळिशी ओलांडल्यावर या बाईनं शिकवलं.

अध्यक्ष म्हणून भाषण माझंच होतं. पाठ करून आलो होतो. उभा राहिलो तर तात्यांनी मध्येच विचारलं, "भाषण राहू दे. बाई चालल्या, आता शाळेचं कसं व्हायचं, ते सांग."

बाई मान खाली घालून पिशवीत काहीतरी शोधत होत्या. मी भाषणाचा कागद खिशात ठेवला. म्हणालो, "माहीत नाही."

आणि सतरंजीवरून सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "बघू या."