नानांच्या रेसरचा आउट

नाना कधीही सायकलवरून पडलेले नाहीत, ही आमच्या घरात मी शिकलेली पहिली गोष्ट. बाराखडी त्यानंतर.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. फौजेत होते, आता रिटायर होऊन इस्लामपूरजवळ आमच्या गावी ऊस बघतात. नोकरीत असताना कुठल्याशा छावणीच्या गावाहून त्यांनी एक रेसिंगची सायकल रेल्वेत घालून आणली. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, मागच्या चाकाला दातेरी चकत्यांची उतरंड, आणि गिअरचा खटका हँडलवर नाही, तर पुढच्या तिरक्या नळीवर, उजव्या अंगाला कानासारखा बाहेर आलेला. गाव तिला 'रेसर' म्हणतं. या रेसरवर नानांनी पलटणीची शर्यत जिंकली होती. त्याचा कप काचेच्या कपाटात आहे. (काकीनं दर दिवाळीला राखेनं घासून घासून त्यावरची अक्षरं पार पुसून टाकली आहेत.)

मी सांगलीला इंजिनिअरिंग शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मिक्सरपासून विहिरीवरच्या मोटारीपर्यंत काहीही बंद पडलं की सगळे माझ्याकडं बघतात, आणि मी जमिनीकडं.

त्या शनिवारी सकाळी घरी आले तर नाना रेसर पुसत बसलेले. दुसऱ्या दिवशी त्यांचे जुने फौजी दोस्त मिळून सायकलवरून सांगलीपर्यंत जाणार होते. नानांनी आठवडाभर आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पुढं मीच असणार.

"चेन जरा कटकट करतीया," नाना म्हणाले. "बघ की राणी. तू तर त्येच शिकतीयास."

आम्ही अजून कागदावरच्याच चाकांपर्यंत पोचलो होतो, पण हे सांगायला जीभ रेटली नाही. मी मागचं चाक काढलं, पुसलं, तेल घातलं आणि परत बसवलं. कटकट पूर्ण थांबली. कारण आता चेन राहतच नव्हती. एक पायडल मारलं की ती सुटून खाली लोंबायची.

"आउट आला असंल," नाना म्हणाले. आमच्याकडं सायकलीत काहीही वाकडं झालं की त्याला आउट म्हणतात.

मी मोबाइलवर शोधलं. त्यात सांगितलं होतं की पुढची दातेरी चकती आणि मागच्या चकत्या एका रेषेत लागतात. रेष चुकली की चेन तिरकी ओढली जाते आणि पडते. फ्रेम वाकली असली तरी रेष चुकते. ते तपासायची रीत सोपी होती. मागचं चाक काढायचं, मागच्या एका टोकाला दोरी बांधून ती पुढं न्यायची, हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या अंगानं मागं आणायची, ताणायची. मग सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. सारखं आलं तर फ्रेम सरळ.

काकीनं चऱ्हाटातून चांगली दोरी काढून दिली. आप्पा, म्हणजे माझे वडील, गोठ्यातनं हात पुसत आले. घरातली पहिली इंजिनिअर पहिलं मोजमाप घेत होती, म्हणून आईनं गॅस बंद केला.

मी पट्टी लावली. डावीकडं बोटभर अंतर. उजवीकडं जवळजवळ दोन बोटं. परत लावली. तेच.

"रिपोर्ट काय?" नानांनी विचारलं.

"नाना, फ्रेम वाकलीय," मी हळू आवाजात म्हणाले. "आणि अशी वाकायला सायकल... म्हणजे मोबाइलवर असं आहे... जोरात आपटलेली असावी लागते."

नानांनी पुसायचं फडकं खाली ठेवलं.

"म्हंजी मी पडलो म्हणतीस?"

"मी नाही नाना. दोरी म्हणते."

नानांनी दोरीकडं असं बघितलं की तिनं सावधान उभं राहायला हवं होतं. मग खिशातून फोन काढला. "सुभेदाराला सांगतो, ताप आलाय म्हणून. वाकडी सायकल घिऊन मी त्यांच्यात जाणार न्हाई."

आठवडाभर पुसलेली सायकल, उद्याची सगळी ऐट, आणि मध्ये मी, पट्टी घेऊन. मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात आप्पा खाकरले.

"नाना, फोन ठेवा. तुमी न्हाई पडला." आप्पा गोठ्याकडं बघत बोलत होते. "तुमी ड्युटीवर असताना मी एकदा हिच्यावर उसाचं वाडं आणलंवतं. दोन भारं. बांधावरनं उतरताना सायकल खाली आन् भारं वर."

"माझ्या रेसरवर? वैरण?"

"बैलगाडी मोडली व्हती. जनावरं उपाशी ठिवायची का मग?"

नाना काही बोलणार, एवढ्यात काकी पदर सावरत पुढं आली.

"भाऊजींना बोलू नगा. त्येंच्यामुळं न्हाई वाकली. माझ्यामुळं वाकली."

"तुझ्यामुळं कशी वाकंल? तू काय हिच्यावर पापड वाळत घातलंवतं का?"

"चालवत व्हती मी. दांडीखालनं पाय घालून शिकली. पाटाच्या कडंनं जात व्हती, समोरनं सरपंच आलं, मी लाजून पदर घ्याला गेली आन् पाटात पडली. सायकल खाली, मी तिच्यावर."

मी नानांना एवढं हादरलेलं कधीच बघितलं नव्हतं. ते कट्ट्यावर बसलेच. "तुला सायकल येती?"

"आवं, तुमी वर्षातनं दोनदा घरी येणार. मधल्या टायमात मी काय वाटंकडं बघत बसू?"

"आन् मला आजतागायत सांगितलं न्हाईस?"

"तुमी कदी पडला न्हाई, ह्येच ऐकण्यात माझा सगळा टाइम गेला."

आई वळून भिंतीकडं बघायला लागली. तिचे खांदे हलत होते.

नाना उठले. रेसरपाशी गेले. तिरक्या नळीवर हात ठेवून, गिअरचा खटका अंगठ्यानं कुरवाळत म्हणाले, "तुमी दोघं गप ऱ्हावा. मीच पडलोवतो."

आता हादरायची पाळी आमची होती.

"शर्यतीत. पयल्याच वळणावर. म्हस आडवी आली. मी आन् सायकल, दोघं बी पलटणीच्या ट्रकातनं माघारी आलो."

"मग त्यो कप?" काकी म्हणाली.

"रस्सीखेचीचा हाय."

"रस्सीखेचीचा? आन् मी दर दिवाळीला घासती?"

"त्येच म्हणत व्हतो मी, जोरात घास."

आणि बोलता बोलता नानांच्या अंगठ्यानं तो खटका पुढं ढकलला गेला. टक्कन आवाज झाला. उजवीकडची दोरी खटक्यावरनं निसटून आत आली.

मी दोरीकडं बघितलं. दोरी इतका वेळ त्या खटक्यावर चढून बसली होती, म्हणून उजवीकडं फुगली होती. कुणाचंही लक्ष नाही असं बघून मी हळूच ती परत ताणली आणि पट्टी लावली. डावीकडं बोटभर. उजवीकडं बोटभर.

"नाना..."

"आता आनि काय ऱ्हायलं?"

"फ्रेम सरळ आहे."

दावणीची म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली, असं मला वाटलं.

"म्हंजी मी उगंच कबूल झाली?" काकी म्हणाली.

"आन् मी?" आप्पा म्हणाले.

नाना काचेच्या कपाटाकडं बघत राहिले. मग अगदी शांतपणे त्यांनी विचारलं, "फ्रेम सरळ हाय, तर मग चेन का पडती?"

मी खाली ठेवलेलं मागचं चाक उचललं. त्याच्या आसाला दोन्ही अंगांना एकेक जाड वॉशर असतो. सकाळी मी दोन्ही वॉशर एकाच अंगाला घातले होते. चाक तेवढंच एकीकडं सरकलं होतं, आणि चेनची रेषही.

"सकाळी चाक कुणी काढलंवतं?" काकीनं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

मी वॉशर जिथल्या तिथं घातले. चेन बसली. (कटकटही परत आली. ती सगळ्यांनी आनंदानं मान्य केली.) मग नानांनी रेसर काकीपुढं उभी केली. "घे. चालवून दाव." काकीनं पदर खोचला, दांडीखालनं पाय घातला आणि अंगणाला फेरी मारली. नाना तोंड उघडं टाकून बघत होते. दुसऱ्या दिवशी ते सांगलीला गेले आणि आले. पुढं कोण होतं, हे या वेळी त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

सोमवारी आप्पा मला एसटीत बसवायला आले. गाडी सुरू झाली तसे खिडकीपाशी आले.

"राणी, तुला इंजिनिअरिंगला घातलं, ती आमचीच चूक झाली."

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"पोलीस भरतीला पाठवायला पायजे व्हतं," आप्पा म्हणाले. "एका दोरीवर तिघं कबूल झाली. आन् गुन्हा निघाला फौजदाराचा."