नवी पाटी, जुने जिने

नाशिक रोडच्या ज्या दवाखान्यात माझी बायको गेली, त्याचं नाव आता बदललंय. तिथल्या वॉचमनचं नाव मात्र मी कधी विचारलं नाही. गेल्या वर्षी लिफ्ट बंद होती, तेव्हा त्यानं आणि मी तिला खुर्चीत बसवून तीन जिने वर नेलं. त्यानं आधी टोपी काढून स्टुलावर ठेवली, मग खुर्चीला हात घातला. बायको मला म्हणाली, "लग्नात उचललं नाय, आता उचलता व्हय?" तो इतका हसला, की जिन्यातच थांबावं लागलं. दोन दिवसांनी ती गेली.

परवा तिकडनं जाताना नवी निळी पाटी दिसली. वॉचमनच्या टोपीवरही नवं नाव.

"किती दिवस लागले रे नाव बदलायला?"

"दिवस कसले, बाबा? सकाळी क्रेन आली, जेवायच्या आत पाटी वर."

"आणि लिफ्ट?"

"तिच्या बंद दारावर नवं स्टिकर लावलंय."

थू असल्या बारशाला! वर्षभरात लिफ्ट दुरुस्त झाली नाही, नाव मात्र अर्ध्या दिवसात धुऊन निघालं.

तेवढ्यात रिक्षातनं सुजल्या पायांची एक म्हातारी उतरली. सोबत सून, तिच्या कडेवर पोर. वॉचमननं टोपी स्टुलावर ठेवली, म्हातारीला खुर्चीत बसवलं.

"बाबा, तिकडनं धरता?"

मी धरलं. दुसऱ्या जिन्यावर म्हातारीनं विचारलं, "दवाखाना नवा हाय का रे?"

"पाटी नवी हाय, आजी," तो म्हणाला. "खुर्ची घट्ट धरा."