मिलिंदच्या सैनिकांचे डोळे

मी अविनाश माने, बी.कॉम., पन्नाशी ओलांडलेला हिशेब तपासनीस, राहणार कोल्हापूर, मिलिंदच्या सैनिकांना डोळे रंगवणाऱ्यांचा जाहीर निषेध करण्यासाठी हे लिहीत आहे.

आज मिलिंदचा पहिला स्मृतिदिन. अशा दिवशी निषेध करू नये, हे मला कळते.

तरीही.

ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी.

मिलिंद मूळचा कुरुंदवाडचा. कॉमर्स कॉलेजात माझ्या बाकावर येऊन बसला, तो पुढे माझ्या आयुष्यातच बसून राहिला.

नव्वदच्या दशकात त्याच्या मावसभावाने इंग्लंडहून एक खोका पाठवला. आत बोटाच्या पेराएवढे धातूचे सैनिक. दाढीवाले बुटके, हिरवे राक्षस, पंख पसरलेला एक ड्रॅगन. सोबत जाडजूड रूल-बुक.

सैनिक आपणच रंगवायचे, टेबलावर मांडायचे, पट्टीने अंतर मोजून चाल करायची आणि फासे टाकून लढायचे.

पट्टी आणि नियम. मला आणखी काय हवे होते?

पुढे कित्येक वर्षे, दर रविवारी, आम्ही दोघे नोकरदार, संसारी पुरुष मिलिंदच्या जेवणाच्या टेबलावर युद्ध करत होतो. शिरोळच्या रानातून आणलेले उसाचे तुरे म्हणजे आमचे जंगल.

सुनंदा वहिनी पोळ्यांचा डबा घेऊन उभ्या राहायच्या. "जेवायला कुठं वाढू? ह्या राक्षसांच्या डोक्यावर?"

माझी फौज संपूर्ण रंगवलेली असे. पुस्तकात तसे स्पष्ट लिहिले होते.

मिलिंदचा हात माझ्यापेक्षा कितीतरी सरस. दाढीचा केस न् केस, चिलखताची कडी न् कडी, तलवारीच्या धारेवर उन्हाची तिरीप. सगळे असायचे.

फक्त डोळे नसायचे.

"हे अपूर्ण आहे," मी पहिल्याच रविवारी हरकत घेतली.

"अपुरं न्हाय लगा. कुंभार गल्लीत बघितलायस न्हवं? मूर्तीचं डोळं सगळ्यात शेवटी. डोळं काढलं की जीव आला."

"मग काढ."

"आधी लढाईतनं जित्ता परत येऊ दे की. मग डोळं."

हा त्याचा नियम. जगातल्या कोणत्याही रूल-बुकात नसलेला.

लढाई संपल्यावर टेबलावर जे उभे असतील, त्यांना तो तिथल्या तिथे डोळे काढायचा. श्वास रोखून, चार केसांच्या ब्रशने. जे पडले, ते तसेच खोक्यात. पुढच्या लढाईपर्यंत.

एक ढोलवाला बुटका माझ्या पहिल्याच फाशाला पडायचा. दर वेळी. मिलिंद पुढच्या रविवारी पुन्हा त्यालाच सगळ्यांच्या पुढे उभा करायचा.

"त्याला मागे ठेव," मी सांगून दमलो.

"ढोल मागनं वाजवत्यात व्हय?"

पुण्यात एकदा अशा सैनिकांच्या रंगकामाची स्पर्धा होती. परीक्षकांनी त्याच्या फौजेचे गुण कापले. शेरा: काम अपुरे.

"अरे, नियम समजावून सांग त्यांना!" मी म्हणालो.

"जाऊ दे की. त्यांची कुठं लढाई हाय?"

परतीच्या एस.टी.त तो शांत झोपला. मी कोल्हापूर येईपर्यंत धुमसत होतो.

आता आजची गोष्ट.

मिलिंदचा भाचा रोहित याने मामाच्या कलेचे प्रदर्शन कॉलनीच्या हॉलमध्ये भरवले आहे. हेतू चांगला, यात शंका नाही. सकाळी हॉल उघडतानाच मी गेलो.

सगळ्या सैनिकांना डोळे.

पांढरे, चकचकीत, एकसारखे. ढोलवाल्यालासुद्धा.

"काका, मामांचं अपुरं राहिलेलं काम कम्प्लीट करून टाकलं," रोहित कौतुकाने म्हणाला. "खास आर्टिस्ट लावला की!"

अपुरं! पुन्हा तोच शब्द!

कोण परत आला होता आणि कोण कधीच आला नव्हता, हे त्या चेहऱ्यांवरून कळत असे. आमचे सगळे रविवार त्यात होते. एका आर्टिस्टने ते पुसून टाकले, आणि लोक फोटो काढत आहेत.

"कुणी सांगितलं होतं तुला हे?"

"मामींनी."

मी तडक मिलिंदच्या घरी गेलो. बुद्धवंदना नुकतीच झाली होती. वहिनी फोटोसमोर बसल्या होत्या. मी मिलिंदचा नियम त्यांना पहिल्यापासून समजावून सांगू लागलो.

"नियम ठाऊक हाय मला, भावजी. टेबल माझंच होतं की. जे परत आलं न्हाईत, त्यांना डोळं न्हाईत. असंच न्हवं?"

"असंच."

"हे दवाखान्यात जाताना आपल्या पायानं जिना उतरलं. म्हणालं, चार दिवसांत येतो, टेबल आवरू नको." त्यांनी फोटोकडे पाहिले. "आलं न्हाईत."

मी खाली बसलो.

"वर्षभर ह्या सैनिकांचं कपाट पुसतेय मी. पडलेली सगळी तशीच, कोऱ्या तोंडाची. बघवना झालं. म्हणून रोहितला सांगितलं, घाल सगळ्यांना डोळं. पडला त्याला बी घाल." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चुकलं का माझं?"

नियमाप्रमाणे, होय.

मला ते म्हणता आले नाही. चहा घेतला आणि निघालो.

मिलिंद, दुपारपासून मी विचार करतो आहे की हा राग नेमका कुणाच्या नावे टाकायचा. रोहितला काही ठाऊक नव्हते. वहिनींना सगळे ठाऊक होते, आणि त्यांच्यासमोर माझा एकही मुद्दा टिकला नाही.

उरलास तू.

चार दिवसांत येतो म्हणालास. तुझे शब्द. त्यावर माझ्याकडे तडजोड नाही.

निघालेल्याला म्हणतात तसे म्हणतो: ये आता, नीट जा. तुझ्यावर रागावलेल्या मित्राचा मनापासून नमस्कार.

अविनाश माने
कोल्हापूर
मिलिंदचा पहिला स्मृतिदिन, संध्याकाळ