निशाच्या पेशीत नीरा

चहा आधी पिऊन घ्या. माझा पराक्रम ऐकल्यावर तुमी माझ्या हातचं पाणी पण घेणार नाय.

माझी नात निशा आठवीत हाय. वाणगावच्या बाजूला आमची वाडी, तिथल्याच शाळेत जाते. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, आणि त्यातलं एकच मॉडेल पालघरला जाणार होतं. पोरीला दुसरं काय सुचेना. काचेच्या बरणीत तिने जिवंत पेशी बनवली. मधी केंद्रक म्हणून चिकू, आजूबाजूला तंतुकणिका म्हणून राजमा, आणि बाकी सगळी चायना ग्रासची जेली. ती जेली म्हणजे पेशीद्रव्य.

मी चौथी शिकलेली. म्हटलं, चिकू साहेब, राजमा कामगार, मग जेली काय नुसती जागा भरायला? तर अशी चिडली! पेशीद्रव्यातच सगळे तरंगतात, माल इकडचा तिकडे जातो, साखर तोडायचं काम पण तिथंच सुरू होतं, सगळं धडाधडा ऐकवलं मला.

मी बरणी हलवून बघितली. राजमा जागचा हलेना.

"निशा, तुझी पेशी मेलीय गं. तेराव्याला काय करू, लाडू की वडे?"

"आजी, हात नको लावू."

मला हात नको लावू सांगायचं, म्हणजे मांजरीला दूध राखायला बसवायचं.

सकाळी ती आंघोळीला गेली. माझ्या मुलाने ताडावरची नीरा नुकतीच उतरवलेली. गार, गोड, पांढुरकी. जेली काढली, नीरा ओतली. काय सांगू, चिकू डुलायला लागला, राजमा गरगरायला लागला! सांडू नये म्हणून झाकण घट्ट पिळलं, वरून फडकं बांधलं आणि दिली पोरीच्या हातात. मागून मी पण गेले. आपली कला बघायला नको?

शाळेत फडकं सुटल्यावर निशाने माझ्याकडे जे बघितलं ते राहू दे. पण आता वेळ कुठे होता? बरणी मांडली खिडकीजवळ, उन्हात.

ऊन लागलं की नीरेची ताडी होते, हे आमच्याकडे रांगतं पोर पण सांगेल. मी तर जन्मभर गिऱ्हाईकांना सांगत आले, लवकर पिऊन टाका. पण ती प्यायची नीरा. ही अभ्यासाची. अभ्यासाची नीरा फसफसेल असं कोणाला वाटेल?

दुपारी तपासायला सर आले. पांढराशुभ्र शर्ट. वाकून बघतात तर आत बुडबुडे.

"हे तर खरंच जिवंत दिसतंय," म्हणाले आणि झाकणाला हात घातला.

फाट! झाकण पंख्याला, चिकू टेबलाखाली आणि सगळं पेशीद्रव्य सरांच्या अंगावर. वर्गभर ताडीचा वास. मॅडम पदर नाकाला लावून उभ्या. मी हळूच दाराकडे सरकले. गेलं पोरीचं पालघर, असंच वाटलं.

पण निशा हलली नाय. "सर, नीरेत यीस्ट असतं. त्या यीस्टच्या पेशीद्रव्यात साखर तुटते, त्याचा हा गॅस. झाकण घट्ट होतं म्हणून उडालं. खरं पेशीपटल असा गॅस बाहेर जाऊ देतं."

सरांनी तोंड पुसलं, दोन प्रश्न विचारले आणि तिचंच मॉडेल निवडलं.

मी लगेच दारातून परत आले. सगळ्यांना सांगितलं, आयडिया माझी हाय. पालघरला कुठलं लुगडं नेसायचं ते पण ठरवून टाकलं.

निशा बरणी पुसत होती. वर न बघता बोलली, "आजी, पेशीपटल आणखी एक काम करतं. नको ते आत येऊ देत नाय. पालघरला दारात मी उभी राहणार हाय."