गर्दी ओसरली तेव्हा

डॉक्टरीणबाई त्या दवाखान्यात रुजू झाल्या तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते आणि आवाज खणखणीत. केस पिकले, आवाज बसला, पण व्हरांड्यातल्या बाकांवरची गर्दी काही हलली नाही. कुणाला एका दिवसाच्या रजेसाठी दाखला हवा, कुणाला जुन्याच गोळ्या पुन्हा लिहून हव्यात, तर कुणी नुसतंच, "आलोच आहे तर छातीही बघा." दुपारचा डबा संध्याकाळी उघडायचा. घरी पोचल्यावर तोंडातून शब्द फुटत नसे.

"मीही एकदा आजारी पडावं म्हणतो," नवरा म्हणायचा. "निदान नाडी बघायला तरी हात हातात घेशील."

बाई हसायच्या, आणि हसता हसता खुर्चीतच त्यांचा डोळा लागायचा.

म्हणून आरोग्य खात्याच्या बैठकीत त्याच उभ्या राहिल्या. "फी लावा. थोडीशी का होईना. फुकट आहे म्हणून लोक उठसूट येतात."

फी लागली आणि व्हरांड्यातली गर्दी ओसरली. बाई माणसात आल्या. डबा वेळेवर खाऊ लागल्या, पेशंटच्या डोळ्यांत बघून बोलू लागल्या. आपण बरोबर केलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

एक दिवस नर्स इंजेक्शनचा ट्रे आवरता आवरता म्हणाली, "बाई, शिवणवाल्या आजी बऱ्याच दिवसांत फिरकल्या नाहीत."

या आजी एकट्याच राहायच्या, लोकांचे कपडे शिवायच्या आणि दर आठवड्याला हटकून यायच्या. आधी गुडघा, मग झोप, मग शेजारणीच्या कागाळ्या. त्या येत नाहीत हे बाईंच्या लक्षात आलं होतं. खरं तर बरंच वाटलं होतं. नर्सच्या तोंडून ऐकताना मात्र आतून काहीतरी टोचलं. दवाखाना आटोपल्यावर त्या पिशवी घेऊन थेट आजींच्या घरी गेल्या.

जिना चढून दार वाजवलं. "उघडंच आहे," आतून आवाज आला, तोही धापा टाकत. आजी खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, पाठीशी दोन उशा. पाय टम्म सुजलेले.

"झोपता कुठे?"

"इथेच. आडवं झालं की जीव घाबरा होतो."

बाईंनी छाती तपासली. फुप्फुसात पाणी साठलं होतं, हृदय दमलं होतं. "आजी, आला का नाहीत? पैशाची अडचण होती तर मला सांगायचं."

"पैसे आहेत हो." आजी दम घेत म्हणाल्या. "पण फी लावलीत, तेव्हा म्हटलं, बाई कंटाळल्यात आपल्याला. रिकामटेकड्या म्हातारीनं किती डोकं खायचं? एवढं कळतं मला."

बाईंनी खाली वाकून आजींच्या पायात चपला चढवल्या, गाडी बोलावली आणि इस्पितळात खाटेवर टेकेपर्यंत त्यांचा हात सोडला नाही. आजी वाचल्या. थोडक्यात वाचल्या.

पुढच्या बैठकीत बाई पुन्हा उभ्या राहिल्या. खात्याचे साहेब वैतागले. "फी हवी म्हणून तुम्हीच आमच्या मागे लागला होता ना?"

"हो, मीच. दमले होते. गर्दी कमी झाली, पण ज्यांनी यायला हवं तेच लोक कमी झाले. म्हाताऱ्यांची आणि जुन्या आजारांची फी काढा. एका दिवसाच्या रजेला डॉक्टरचा दाखला लागतोच कशाला? आणि मला आणखी एक नर्स द्या. नेहमीच्या गोळ्या, वजन, रक्तदाब ती बघेल."

बरीच घासाघीस झाली. नर्स मिळायला वर्ष उलटलं. दाखल्यांची कटकट मात्र लगेच गेली, आणि उरलेल्या गर्दीतली निम्मी त्या दाखल्यांचीच होती हे तेव्हा कुठे ध्यानात आलं. म्हाताऱ्यांची आणि जुन्या आजारांची फी गेली, बाकीच्यांची राहिली. त्यावरून लोक अजून कुरकुरतात, आणि अधूनमधून बाईंनाही ते पटतं.

आजी आता दर आठवड्याला नव्या नर्सकडे वजन करायला येतात. ते एका मिनिटाचं काम आहे, पण तास मोडतो. भिंतीपलीकडून दोघींचं हसणं ऐकू आलं की बाई हातातला पेशंट उरकतात आणि पाच मिनिटं तिथे जाऊन बसतात.

"तुम्ही कशाला आलात? तुमचं काम नाही इथे," आजी म्हणतात, आणि बाकावर सरकून त्यांना जागा करून देतात.