सायकलवरून माहेरी जाताना घ्यायची काळजी

चाळिशी उलटल्यावर मी सायकल शिकले. लेक शिकायला पुण्याला गेला आणि त्याची गिअरची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. नवरोबा ती विकायला निघाले, तेव्हा मी पैज लावली: विट्याहून आटपाडीला, माहेरी, पेडल मारत जाईन. वाटेत कुठल्याही गाडीत बसले तर सायकल खुशाल विका. "बरं बरं," म्हणून त्यांनी झोपेतच कूस बदलली.

नवशिक्यांनो, सीट एवढी उंच ठेवा की पेडल खाली गेल्यावर गुडघा जरासाच वाकेल. उजाडताच निघा, पुढे सावली कमी आहे. आणि कॅरिअरला कपड्यांची पिशवी अजिबात बांधू नका. का, ते सांगते.

रेणावीच्या घाटात मी भर चढावर गिअर बदलला आणि चेन उतरली. (चढ लागायच्या आधीच बदलायचा!) चेन बसवून त्याच काळ्या हातांनी घाम पुसला. तेवढ्यात दुधाची गाडी थांबली. ड्रायव्हरने आधी पिशवी पाहिली, मग माझं तोंड.

"ताई, म्हायेर कुठलं?"

"आटपाडी."

"भांडान झालंय व्हय? बसा, सोडतो."

"भांडण नाही हो, पैज आहे!"

"समद्या आसंच म्हनत्यात," तो हळहळला. "विट्यात कुनाच्या घरच्या तुमी?"

मी भोळेपणाने सांगून टाकलं.

खानापूरला चहा-भजी घेतली. तिथल्या मावशींना दूधवाल्याने सगळं आधीच सांगितलं होतं. "पोरी, भांड्याला भांडं लागायचंच. माघारी जा," म्हणत त्यांनी आणखी एक प्लेट वाढली. भजी कमी खा. पुढचा सगळा रस्ता ती पोटात बसून येतात.

भिवघाटच्या उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत उतरले. करगणीच्या पुढे मात्र वारा समोरून आला आणि गुडघ्यांनी राजीनामा दिला. तेवढ्यात समोरून भाऊ टेम्पो घेऊन आला. "आक्के, बस! कोन काय बोललं तुला?" खरं सांगते, बसावंसं फार वाटलं. पण सायकल गेली असती. रडकुंडीला येऊन पेडल मारत राहिले आणि तो मागून हॉर्न वाजवत आला.

माहेरच्या दारात नवरोबा उभे! मी भजी खात होते तेव्हा मोटारसायकलवरून पुढे निघून गेले असावेत.

"चुकलं माजं," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "तुजा वाढदिवस इसरलो, चुकलं. तुज्या आईच्या आमटीला पानचट म्हनलो, त्ये बी चुकलं."

मी त्यांना पुरतं बोलू दिलं. मग म्हटलं, "पैज जिंकले हं मी."

"कसली पैज?"

तेवढ्यात आई पदर खोचत बाहेर आली. "आमटीला काय म्हनला जावाई?"

परत येताना सायकल टेम्पोत घातली. पैज जाण्यापुरतीच होती. गुडघे आठवडाभर दुखले, सायकल मात्र कायमची माझी झाली. आईने अजून जावयाला आमटी वाढलेली नाही. आता दर रविवारी नवरोबा स्वतः चाकांत हवा भरून देतात. कुठे चाललीस, हे विचारत नाहीत. कॅरिअरला पिशवी नाही ना, एवढं मात्र वाकून बघतात.