खर्जाचा पाईप

या साइटवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरेच महिने नुसते वाचते आहे. लिहायचं धाडस होत नव्हतं. माझ्या गोष्टीत कुणी दिसलं नाही, कुणी हाक मारली नाही. आणि दुसरं म्हणजे आमच्या घरात हे असलं चालत नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले ताईत आणि अंगाऱ्याच्या पुड्या त्यांनी स्वतःच्या हाताने बाहेर टाकल्या. भुताखेतांवर विश्वास ठेवायचा म्हणजे म्हाताऱ्याने टाकलेलं उचलून परत घरात आणायचं, असं माझे वडील म्हणायचे. मीही तेच मानत आले. बी.एस्सी. केलं, आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. म्हणून लिहिताना जरा लाज वाटते... पण हे वडिलांबद्दलच आहे, आणि मनात ठेवून आता सहा वर्षं झाली.

आम्ही आळ्याचे, जुन्नर तालुका. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. आळेफाट्यावर त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं आणि पंप फिटिंगचं लहानसं दुकान होतं, मागेच आमचं घर. लग्नाआधी ते पुण्यात एका प्लंबरच्या हाताखाली होते. तेव्हा कॅम्पातल्या एका चर्चमध्ये नळाचं काम करताना त्यांनी पाईप ऑर्गन ऐकला. वाजवणाऱ्या म्हाताऱ्या साहेबांनी त्यांना मागच्या बाजूला नेऊन आतून सगळा दाखवलासुद्धा. आप्पा सांगायचे, "मी बघितलं आन् म्हनलं, हे तर आपलंच काम हाय. पान्याच्या जागी हवा, बाकी सगळी फिटिंगच."

वीस वर्षं ते डोक्यात ठेवून मग त्यांनी तो घरी बनवायला घेतला. पाईप पीव्हीसीचे, शेतकऱ्यांच्या कामातून उरलेले. हवेसाठी द्राक्षबागेवर औषध मारायच्या ब्लोअरचा जुना पंखा आणि एक मोटर. पट्ट्या एका मोडक्या पेटीच्या. पट्टी दाबली की तिच्या पाईपाखालची झडप उघडायची आणि हवा वर जायची. असे पंचवीस पाईप, उतरत्या उंचीने भिंतीला उभे. लोक दुकानात आले की मागच्या खोलीत डोकावायचे.

"काय राव किसनभाऊ, ह्याला पानी कवा यायचं?"

"पानी न्हाई, हवा. मोटर चालू करतो, टोपी सांभाळ."

पाईप सुरात लावायला दोन माणसं लागतात. एकाने पट्टी दाबून धरायची, दुसऱ्याने पाईपाशी उभं राहून आतला दट्ट्या वरखाली करत सूर जुळवायचा. पट्टी दाबणारी मी. पंख्याचा आवाज एवढा असायचा की बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून आप्पा हातानेच सांगायचे. मूठ मिटली की दाब. मूठ उघडली की सोड. आणि सूर जमला की पाईपावर दोनदा थाप मारायचे, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. मी मांडीवर पुस्तक ठेवून एका हाताने पट्टी दाबायचे. कंटाळा यायचा, खोटं कशाला सांगू.

ऑर्गन बनवण्यामागे एक कारण होतं. फाट्याजवळ मूकबधिर मुलांची निवासी शाळा आहे. तिथला पंप दुरुस्त करताना आप्पांनी पाहिलं होतं, की एक मुलगा चालू मोटरच्या पाईपाला मिठी मारून डोळे मिटून उभा आहे. त्या दिवशी घरी आल्यावर ते जेवताना म्हणाले, "त्या पोरांना कानानं न्हाई, पर हातानं ऐकू येतंय." तेव्हापासून त्यांचं ठरलं होतं, हा ऑर्गन शेवटी शाळेत जाणार.

२००३ चा मार्च. माझी सेकंड इयरची प्रॅक्टिकल्स चालू होती. चोवीस पाईप लागले होते, राहिला होता सगळ्यात मोठा, खर्जाचा. सहा इंची, माझ्या खांद्याएवढा उंच. संध्याकाळी आप्पा दारात येऊन उभे राहिले.

"बाय, एकच ऱ्हायलाय. धा मिन्टं ये."

"उद्या, आप्पा. उद्या प्रॅक्टिकल झालं की येते."

"बरं, उद्या."

रागावले नाहीत. हसले थोडे. पाईपाला लावलेली हवेची नळी त्यांनी काढून ठेवली, कारण तिची क्लिप सकाळच्या कामाला लागणार होती. सकाळी ते एका शेतावर मोटर बसवायला गेले. मोटर चालू झाली, पाणी आलं, आप्पा बांधावर बसले आणि बसल्या जागी गेले. डॉक्टर म्हणाले, हार्ट. बावन्न वर्षांचे होते. मी तेव्हा जुन्नरला लॅबमध्ये होते.

पुढचे दिवस काय लिहू... आई स्वयंपाकघरातून त्यांना हाक मारायची आणि मग काढलेलं ताट परत ठेवायची. मी ऑर्गनच्या खोलीत जात नव्हते.

आमच्याकडे एक हौशी वाद्यवृंद होता. हायस्कूलचे चित्रकलेचे वाणी सर व्हायोलिन वाजवायचे, बँकेतले एक कॅशियर बासरी, लग्नाच्या बँडमधले शंकरमामा क्लॅरिनेट, आणि तबल्याला सरांचा भाऊ. कुणी पैसे घेत नसे. दिवाळीनंतर वाणी सर घरी आले. शाळेच्या वसतिगृहासाठी मदतीचा कार्यक्रम करू, आणि त्यात किसनभाऊंचा ऑर्गन वाजू दे, म्हणाले. वाजवणार कोण, तर मी. मला पेटी येत होती, विहारात वंदनेला वाजवायचे.

मी नको म्हणाले. आईने सरांसमोरच सांगितलं, "त्यांचं काम अर्धं ठिवू नगं, सुजे."

मग महिनाभर सराव केला. सरांनी चर्चमधल्या दोन जुन्या चाली फक्त ऑर्गनसाठी बसवल्या, बाकी भूप आणि यमन सगळ्यांनी मिळून. खर्जाच्या पाईपाचं काय करायचं विचारलं तेव्हा मी म्हणाले, त्याला हात लावायचा नाही. पंख्याची हवा जिच्यात साठायची त्या हवापेटीला त्याच्या नळीसाठी जे भोक होतं त्यात शंकरमामांनी कापडाचा बोळा घट्ट ठोकून बसवला, हवा जाऊ नये म्हणून. पाईप नुसता शोभेला उभा राहिला. त्याची पट्टी दाबली तरी काही होत नव्हतं.

कार्यक्रम जानेवारीत, रविवारी दुपारी चारला, शाळेच्याच हॉलमध्ये. लोडशेडिंग होतं म्हणून जनरेटर आणला होता. गावातली बरीच माणसं आली. मुलांना कुठे बसवायचं यावर चर्चा झाली, तेव्हा तिथल्या शिक्षिका कदमबाई म्हणाल्या, "बसवता कशाला? पाईपापाशी उभी करू. हात लावू देत." त्यांना ते आप्पांनीच कधीतरी सांगितलं होतं.

आठ-दहा मुलं पाईपांना तळवे टेकून उभी राहिली. शेवटी रेश्मा नावाची नऊ वर्षांची मुलगी उरली, आणि ती नेमकी खर्जाच्या पाईपाशी जाऊन उभी राहिली. जूनमध्येच शाळेत आलेली, घोडेगावच्या वरच्या एका वाडीतली. मला वाईट वाटलं. सगळ्यांत बिचारीलाच मुका पाईप मिळाला. पण तोवर सरांनी व्हायोलिनचा गज उचलला होता.

पहिले दोन राग नीट झाले. मग माझी एकटीची पहिली चाल. मधे एक संथ जागा आहे, तिथे डाव्या हाताला काम नसतं. मी सहज मान वर केली. रेश्मा माझ्याकडेच बघत होती. डावा तळवा पाईपावर. उजवा हात तिने वर केला आणि मूठ मिटली.

मला वाटलं, लहान आहे, काहीतरी करते आहे. तिने मूठ उघडली. परत मिटली, आणि तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली... मी काही करत नाही म्हटल्यावर आप्पा बघायचे तशी.

माझा डावा हात आपोआप शेवटच्या पट्टीवर गेला. मी दाबली. आवाज आला नाही, येणारच नव्हता. रेश्माने मान जरा तिरकी केली, जणू आत काही चाललं आहे. मग मूठ उघडली. मी सोडली. मिटली, मी दाबली. उजव्या हाताने मी चाल वाजवत होते, कशी वाजवत होते माहीत नाही. सर मागाहून म्हणाले की चुकली नाही. असं पाच-सहा वेळा झालं. शेवटच्या खेपेला तिने मूठ बराच वेळ मिटून धरली, मग सावकाश उघडली, आणि पाईपावर दोनदा थाप मारली.

नंतर ती इतर मुलांसारखीच उभी राहिली, इकडेतिकडे बघत. मी चाल संपवली. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी पट्ट्यांकडे बघून रडत होते. सगळ्यांना वाटलं, बापाच्या आठवणीने. खरंच होतं ते.

कार्यक्रम संपल्यावर मी कदमबाईंना बाजूला घेतलं आणि रेश्माला विचारायला सांगितलं, की मधे तू हाताने काय करत होतीस. बाईंनी खुणांनी विचारलं. रेश्माने बराच वेळ उत्तर दिलं.

"काय म्हणते?"

बाईंनी खर्जाच्या पाईपाकडे बोट दाखवलं. "म्हणते, हाच एक वाजत होता. बाकीच्यांना पण हात लावून बघितला तिने, ते गप्प होते."

"आणि मूठ?"

बाईंनी पुन्हा विचारलं. रेश्माने खांदे उडवले. तिला मुठीचं काही आठवतच नव्हतं. लाडू कधी मिळणार, एवढं मात्र तिने विचारलं.

शंकरमामांना बोलावून बोळा पाहिला. ठोकला होता तसाच घट्ट होता, उपसायला पक्कड लागली. नळी जोडलेली नव्हतीच. दट्ट्या आधी नेमका किती खोल होता, हे मात्र मी कधी बघून ठेवलं नव्हतं, त्यामुळे तो हलला का, हे मी सांगू शकत नाही.

कॉलेजच्या फिजिक्सच्या सरांना मी सगळं सांगितलं. ते चांगले आहेत, हसले नाहीत. म्हणाले, शेजारचा पाईप वाजला की मोठा पाईप आपोआप थरथरतो, त्याला अनुनाद म्हणतात, तू शिकली आहेसच. मूकबधिर मुलं हात हलवतातच, त्यात तुला जे बघायचं होतं ते दिसलं. मी विचारलं, आणि बाकीचे गप्प होते म्हणाली ते? "नऊ वर्षांची पोर आहे गं." असेल. रेश्माने आप्पांना पाहिलेलं असणं शक्य नाही, ती आली त्याच्या तीन महिने आधीच ते गेले होते. त्यांच्या खुणा आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नव्हत्या. पण मूठ मिटणं-उघडणं ही काही फार अवघड खूण नाही, हेही मला कळतं.

आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थांबली नाही. तव्यावरची भाकरी उलटून झाल्यावर म्हणाली, "मंग तू दाबलीस ना?"

"हो."

"झालं तर."

आज ऑर्गन त्या शाळेतच आहे. रेश्मा शिकून गेली, नवी मुलं येतात. मी बी.एड. करून आता जवळच्याच हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते आणि दर महिन्याला तिथे वाजवायला जाते. कदमबाई मला दरवेळी म्हणतात, तो मोठा पाईप एकदा जोडून घे, नळी आणि क्लिप, फिटरचं तासाभराचं काम आहे. बरोबर आहे त्यांचं. जोडला, पट्टी दाबली, की लगेच कळेल तो सुरात आहे की नाही. सुरात असला तर त्या दुपारी कुणीतरी तो लावला. बेसूर निघाला तर मी एका लहान मुलीच्या हाताकडे बघून उगाच रडले. इतका साधा प्रयोग. मुलांना मी रोज सांगते, शंका आली तर करून बघा.

मी अजून तो जोडलेला नाही.